आईने वाजवून पाहिलेलं ग्रीक भांडं

दोन वर्षांपूर्वी याच, भुताखेतांच्या अनुभवांच्या सदराबद्दल मी संपादकांना दीड पानाचं पत्र पाठवलं होतं. मागणी एकच – हे सदर बंद करा. कुणाच्या मावशीला वळणावर पांढरी साडी दिसते, कुणाच्या काकांची बाईक चिंचेखाली आपोआप बंद पडते... शिकलेल्या माणसांनी शिकलेल्या माणसांसाठी असलं छापताना लाज कशी वाटत नाही, असं मी विचारलं होतं. पत्र छापलं गेलं नाही. आज त्याच सदरासाठी मी हे लिहितेय, आणि ते पत्र मागेही घेत नाहीये. पण माझ्यापाशी एक गोष्ट आहे, तिचं काय करायचं मला कळत नाही, आणि माझ्या गटातलं कोणी ती पूर्ण ऐकून घ्यायला तयार नाही. मीही त्यांच्या जागी असते तर घेतली नसती.

मी प्रज्ञा. वय सत्तावीस. आठ वर्षांची असताना आई-बाबांबरोबर न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनला आले, अजून इथेच आहे. आमचा सहा जणांचा एक गट आहे. आधी आम्ही दिवाळी मेळ्यात टेबल टाकून बसणाऱ्या ज्योतिषांविरुद्ध पत्रकं वाटायचो. आता लुटीच्या वस्तूंवर काम करतो – देवळांतून, थडग्यांतून उचललेल्या मूर्ती, मुखवटे, भांडी, जी 'जुन्या खासगी संग्रहातून' एवढ्या तीन शब्दांवर लिलावात विकली जातात. पत्रकं मी लिहिते. लिहून लिहून माझी वाक्यं अशी घोषणांसारखी झालीत. सांभाळून घ्या.

आमच्या घरात आत्मा मानत नाहीत. आम्ही बौद्ध. बाबांनी मला सहाव्या वर्षीच सांगितलं होतं – मेलं की संपलं, जे करायचं ते जिवंतपणी करा. त्याच बाबांनी शेवटच्या आठवड्यात, हॉस्पिटलात, एक मागणी केली. बुलढाण्याकडच्या त्यांच्या गावात आमच्या वस्तीची एक विहीर आहे. पणजोबांच्या पिढीने ती स्वतःच्या हातांनी खोदली, कारण गावच्या विहिरीला त्यांनी हात लावलेला गावाला चालत नव्हता. बाबा म्हणाले, त्या विहिरीपाशी एक झाड लावा आणि माझी राख त्याच्या आळ्यात घाला. 'झाड प्रज्ञा लावेल,' म्हणाले. मी हो म्हणाले.

याला तीन वर्षं झाली.

आधी रजा नव्हती. मग एक मोर्चा होता. मग सरकारला निवेदन द्यायची मुदत, मग आणखी काहीतरी. राख क्रेमेटोरियमने दिलेल्या करड्या प्लास्टिकच्या डब्यात आहे, बुटांच्या खोक्याएवढ्या. आईने तो हॉट वॉटर कबर्डमध्ये ठेवला. इथे राहत नसणाऱ्यांसाठी सांगते – घरात गरम पाण्याची टाकी असते ते कपाट. त्यात टॉवेल, चादरी ठेवतात, उबदार राहतात. बाबांना इथली थंडी कधी सोसली नाही, जूनमध्ये, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, ते घरातही कानटोपी घालून बसायचे. मी म्हणाले, आई, ते कॅल्शियम फॉस्फेट आहे, त्याला थंडी वाजत नाही. आई इथे येण्याआधी भारतात मेडिकल लॅबमध्ये होती. तिला कॅल्शियम फॉस्फेट माझ्यापेक्षा चांगलं कळतं. ती म्हणाली, "माहितीये गं. राहू दे टॉवेलांशेजारी."

तर असं सगळं असताना ऑकलंडच्या एका लिलाव कंपनीचा कॅटलॉग आमच्या हाती पडला. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण त्यांच्याशी माझं भांडण वेगळ्या मुद्द्यावर आहे आणि ते मी वेगळं भांडेन. त्यात एक ग्रीक पाण्याचं भांडं होतं. ब्रॉन्झचं, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचं. त्याला हायड्रिया म्हणतात. फोटोत आपल्या कळशीसारखं दिसत होतं, पण गळा उंच आणि कान तीन – दोन बाजूंना, उचलायला, आणि एक मागे, ओतायला. मागच्या कानाच्या बुडाशी बाईचा चेहरा. मालकी कशी आली याखाली एकच ओळ: न्यूझीलंडमधलं एक कुटुंब, वंशपरंपरेने.

कुटुंबाकडे ते आलं कसं? कुणी दिलं? कुठल्या जमिनीतून निघालं? एक अक्षर नाही. माझं डोकं फिरलं. मी ठरवलं, लिलावाआधी वस्तू बघायला ठेवतात तेव्हा जायचं, सगळं फोनवर रेकॉर्ड करायचं, आणि लिलावाच्या दिवशी दारात पत्रकं वाटायची.

शनिवार होता, सकाळचे अकरा. आईही आली होती, कारण नंतर आम्हाला तिथल्या सँडरिंगहम भागातल्या भारतीय दुकानांत जाऊन ज्वारीचं पीठ आणि कडधान्यं आणायची होती. हॅमिल्टनहून ऑकलंडला गाडी जाणार आणि पीठ येणार नाही, हे तिला पटत नाही.

खोली मोठी, लख्ख उजेडाची. खुर्च्या, पेंटिंग्ज, एक भुसा भरलेला पक्षी. कोपऱ्यातल्या चौथऱ्यावर ते भांडं, पुढ्यात कार्ड – कृपया हात लावू नये. देखरेखीला शॅरन नावाची पन्नाशीची माओरी बाई होती. मी तिला 'किया ओरा' असा माओरीत नमस्कार करून फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि तिला मालकीबद्दल विचारायला लागले. ती सभ्यपणे सांगत होती की तिला कॅटलॉगमध्ये आहे तेवढंच माहीत आहे. माझ्या आवाजाला धार चढत होती.

आणि मागून आवाज आला – बद्द.

मी वळले. आईने भांड्याच्या पोटावर बोटाच्या सांध्याने टिचकी मारली होती.

आता हे मी तुम्हाला काय समजावणार. मराठी घरातली बाई भांडं वाजवल्याशिवाय बघूच शकत नाही. आई बाजारात मडकं घेताना वाजवते, इथल्या सुपरमार्केटात कलिंगड वाजवते, माझ्या मैत्रिणीने हौसेने घेतलेली इटालियन फुलदाणीही तिने पाहुणी म्हणून गेलेली असताना वाजवली होती. पण अडीच हजार वर्षांचं ब्रॉन्झ! शॅरनचा चेहरा पांढरा पडला. मी पुटपुटले, आई, हात लावू नये लिहिलंय ना. आई म्हणाली, "हात कुठे लावला, बोट लावलं." आणि मग, भांड्याकडेच बघत, हळू आवाजात – "भरलेलं आहे गं हे."

मी ते शॅरनला इंग्रजीत सांगितलं, माफीच्या सुरात. शॅरनने मान हलवली. भरलेलं नाही, म्हणाली, मीच सकाळी ठेवलंय. पण तिनेही तो आवाज ऐकला होता, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. तिने हातमोजे घातले, भांडं तिरपं करून आतून टॉर्च मारला. आम्ही तिघींनी वाकून पाहिलं. कोरडं ठाक. तळाशी हिरवट डाग, बाकी काही नाही.

मग मी जे केलं ते कुठल्याही आंदोलकाने करू नये. मी स्वतः टिचकी मारली. टण्ण. स्वच्छ, लांबणारा, रिकाम्या धातूचा आवाज. मला बरं वाटलं. आईकडे बघून म्हणाले, बघ.

आईने पुन्हा मारली. बद्द.

शॅरन म्हणाली, आता पुरे. रागाने नव्हे. आईने बोट मागे घेतलं, साडीच्या पदराला – ती ऑकलंडला साडी नेसूनच जाते – पुसलं, आणि मला म्हणाली, "यात कुणाला तरी ठेवलं होतं. बाईमाणूस आहे."

मी हे शॅरनला सांगितलं नाही. पण ती आईच्या तोंडाकडे बघत होती. ती मागच्या सिंकपाशी गेली, हात धुतले, आणि थोडं पाणी स्वतःच्या डोक्यावर शिंपडलं. इथले माओरी लोक स्मशानातून बाहेर पडताना असं करतात. आई काही न विचारता तिच्या मागे गेली आणि तिनेही हात धुतले. मी तशीच उभी होते, हातात फोन, रेकॉर्डिंग चालू.

परतीच्या वाटेवर मी आईला कारणं समजावली. टिचकीची जागा वेगळी, बोटांची हाडं वेगळी, धातूत कुठेतरी चीर असेल. आई हो हो म्हणाली आणि झोपली. पिठाचं पोतं मागच्या सीटवर होतं.

घरी येऊन मी रेकॉर्डिंग माझा पुण्याचा मित्र निखिल याला पाठवलं. तो आवाजाचंच काम करतो. त्याला काहीच सांगितलं नाही, फक्त तीन टिचक्या कापून पाठवल्या आणि विचारलं, हे काय असेल. त्याचं उत्तर आलं: दोन वेगळी भांडी आहेत, एकाच आकाराची. दुसरी टिचकी रिकाम्यावर. पहिली आणि तिसरी भरलेल्यावर. मी विचारलं, पाण्याने? तो म्हणाला नाही, पाणी असतं तर सूर खाली उतरला असता पण थोडा लांबला असता. हा लगेच मरतो. आत कोरडं काहीतरी आहे, रवा किंवा वाळू वगैरे. मग विचारलं, का गं, काय चाललंय? 

रविवारी दुपारी स्वयंपाकघरात बसून मी तो आवाज परत परत वाजवत होते. बद्द. टण्ण. बद्द. आई कपडे वाळत घालून आत आली, दारात थांबली. मग तिने मला खुणेने बोलावलं, पॅसेजमध्ये नेलं, हॉट वॉटर कबर्डचं दार उघडलं, आणि टॉवेलांच्या मागच्या करड्या डब्यावर बोटाच्या सांध्याने टिचकी मारली.

बद्द.

प्लास्टिक आणि ब्रॉन्झचा आवाज सारखा असू शकत नाही, हे मलाही कळतं. सुरुवात वेगळी होती. पण शेवट... तो मरण्याचा क्षण तोच होता.

"मला तिथे लगेच ओळखू आलं," आई म्हणाली. "रोज सकाळी मारते ना मी."

मी विचारलं, कशाला?

"कळायला. आहेत म्हणून."

आईने टॉवेल नीट केले आणि दार लावलं. तीन वर्षं मी तिच्याबरोबर याच घरात राहतेय आणि मला हे माहीत नव्हतं. मी रात्री उशिरापर्यंत जगभरच्या लोकांच्या हक्कांवर पत्रकं लिहायचे आणि सकाळी उशिरा उठायचे.

तेव्हा खरं तर मी थांबायला हवं होतं. मी काय केलं? पत्रक लिहिलं. हायड्रियांबद्दल वाचताना कळलं की ही भांडी पाण्याची असली तरी कधीकधी त्यांत मृतांची राख ठेवून ती पुरत असत. मी पत्रकातून 'कधीकधी' हा शब्द काढला. आणि ठळक अक्षरांत लिहिलं: या भांड्यात एका स्त्रीची राख होती. ती कुणी ओतून टाकली? कुठे?

पुरावा? आईची टिचकी. ज्योतिषांना मी आयुष्यभर हेच विचारत आलेय, पुरावा काय. गटातल्या एकानेही मला ते विचारलं नाही, हे त्याहून वाईट. सगळ्यांना ओळ आवडली. पत्रक आम्ही कंपनीला ईमेल केलं आणि सगळीकडे टाकलं, खाली माझा नंबर.

लिलावाच्या सकाळी आम्ही दारात उभे राहिलो तर शॅरन बाहेर आली आणि तिने सांगितलं की ते भांडं मालकाने मागे घेतलंय. गटाने जल्लोष केला. कुणीतरी माझा फोटो काढला. शॅरन निघताना एवढंच म्हणाली की तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

दोन दिवसांनी फोन आला. टौरंगाहून, म्हातारा, कापरा आवाज. जीन म्हणून बाई, वय ऐंशीच्या पुढे. ते भांडं तिचं. मी शिव्या खायची तयारी ठेवली होती. तिने विचारलं, "हे तुला कुणी सांगितलं?"

मी म्हणाले, काय?

"बाई होती, हे. मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही."

शनिवारी आम्ही काइमाईचा घाट ओलांडून टौरंगाला गेलो. आईने येताना डब्यात बेसनाचे लाडू घेतले होते. मी म्हणाले, आपण तिला जाब विचारायला चाललोय. आई म्हणाली, "विचार की. लाडू खाता खाता विचार."

जीनचं घर छोटं, लाकडी, मागे पसरलेलं लिंबाचं झाड. भांडं दिवाणखान्यात, टीव्हीशेजारी, जमिनीवर. तिने सांगितलं ते असं. तिचे वडील दुसऱ्या महायुद्धात ग्रीसला होते. परत आले, आणि बऱ्याच महिन्यांनी मागून एक लाकडी खोकं आलं. कुणी दिलं, का दिलं, ते कधी बोलले नाहीत. जीन तेव्हा पाच-सहा वर्षांची. वडिलांनी भांडं अंगणात नेलं, उलटं केलं, आणि आतून करडी माती पडली – ती माती म्हणाली, मग थांबली, आणि म्हणाली, माती नव्हती ती, मला तेव्हाही कळलं होतं. त्यांनी ती नव्याने लावलेल्या लिंबाच्या मुळाशी फावड्याने ओढली. जीनच्या आईला फुलं ठेवायला भांडं दिलं. जीनला त्या राशीत काहीतरी चमकताना दिसलं. तिने ते उचललं आणि सत्तरहून जास्त वर्षं बटणांच्या डब्यात ठेवलं.

तिने ते आम्हाला दाखवलं. सोन्याच्या तारेचं इवलंसं कर्णफूल. एकच.

मी लगेच म्हणाले की तेव्हा पुरुषही कदाचित दागिने घालत असतील. खरंखोटं मला माहीत नव्हतं. मला फक्त कुठेतरी पाय टेकायला जागा हवी होती. आई कर्णफूल तळहातावर घेऊन बसली होती, तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

जीन म्हणाली, मुलगा म्हणतो घरातलं सामान कमी करायचं, वस्तू विकून टाक. म्हणून तिने ते लिलावाला दिलं होतं. तुझा कागद वाचला आणि वाटलं, ती बाई सापडली मला. आता तिला ते ग्रीसला परत पाठवायचं होतं. कसं पाठवतात, कुणाला लिहायचं, हे तिने मला विचारलं. हे माझं क्षेत्र. मी खुशीत वही काढली – दूतावास, वकील, पत्राचा मसुदा.

आईने मधेच मराठीत विचारलं, ती काय म्हणतेय? ऐंशी टक्के तिला कळलं होतं, खात्री करत होती. मी सांगितलं, परत देणार आहे.

"रिकामं?"

मला समजलं नाही.

"आपण शेजारणीचा डबा तरी रिकामा परत करतो का? तिला सांग."

मी अनुवाद केला. जरा चिडूनच केला, कारण आंतरराष्ट्रीय कायद्याच्या मधे शेजारणीचा डबा आला होता. जीनने ऐकलं. आमच्या लाडवांच्या डब्याकडे पाहिलं. मग काठी टेकत उठली, मागच्या दारातून बाहेर गेली आणि बागेतली खुरपी घेऊन लिंबाखाली वाकून बसली. आईही गेली.

मी दारातून ओरडत होते की असं करू नका, ओली माती ब्रॉन्झला वाईट, तज्ज्ञांना विचारा, आणि माती तर देशाबाहेर जाऊच देणार नाहीत, मातीतून कीड-रोग पसरू नयेत म्हणून बायोसिक्युरिटीचे नियम आहेत. जीन मागे न बघता म्हणाली, पन्नास वर्षं त्याने स्वीट पीची फुलं सोसली, आता हेही सोसेल. दोघी म्हाताऱ्या – आईला म्हातारी म्हटलेलं आवडत नाही, पण होत्या दोघी तशाच – झाडाच्या बुंध्याला टेकून माती उकरत होत्या, एकीला दुसरीची भाषा धड येत नव्हती, आणि दोघींचं सारखं बोलणं चाललं होतं. बादली भरून माती आली. भांड्यात ओतली, अर्ध्याच्या वर. जीनने वर ते कर्णफूल ठेवलं.

मग ती आईला म्हणाली, वाजव.

टिचकीचं जीनला मीच सांगितलं होतं. आधीच, फोनवर. हे नमूद करते, कारण तुमच्या जागी मी असते तर जीनला ते कसं माहीत, असं विचारलं असतं.

मी फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं, आईने पदराला हात पुसले आणि टिचकी मारली. पोटावर, मातीच्या पातळीच्या खाली.

टण्ण.

स्वच्छ. लांबलचक. खिडकीच्या काचेपर्यंत गेला तो आवाज आणि तिथे विरला. मी जाऊन आत बघितलं. माती होती. काठोकाठ नाही, पण होती, बोट रुतवून पाहिलं. मी स्वतः टिचकी मारली – टण्ण. जीनने तिच्या वाकड्या, सुजलेल्या बोटाने मारली – टण्ण. पाच मिनिटं आम्ही तिघी आळीपाळीने एका मातीने भरलेल्या भांड्यावर टिचक्या मारत बसलो होतो आणि ते रिकाम्यासारखं वाजत होतं.

जीनने विचारलं, आता ठीक आहे का? आईने तिच्या हातावर हात ठेवला. जीनने निघताना आमच्या डब्यात लिंबं भरून दिली.

परतीच्या वाटेवर घाटात धुकं होतं. मी बोलत होते. धातू थंड झाला की आवाज बदलतो, ओल्या मातीचा वेगळा परिणाम असेल, घरी जाऊन प्रयोग करूया, असं बरंच काही.  घाट उतरल्यावर सपाटीला लागलो तेव्हा आई म्हणाली, खिडकीतून बाहेर बघत –

"अडीच हजार वर्षांपूर्वीच्या बाईसाठी तुला टौरंगाला जाता येतं."

मी गाडी चालवत होते.

"तुझे बाबा तीन वर्षं टॉवेलांमागे आहेत."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी वाद घातला असता, वादात मला कुणी हरवत नाही. मी लाल सिग्नलला थांबले, हिरवा झाला तरी थांबून राहिले, मागच्या गाडीने हॉर्न दिला.

खरं सांगायचं तर रजा, मोर्चा, मुदत ही कारणं नव्हती. मला तो डबा उघडायचा नव्हता. उघडला, ओतला, झाड लावलं की झालं. मग कपाटात फक्त टॉवेल. जगातली प्रत्येक वस्तू जिथली तिथे परत गेली पाहिजे असं ठळक अक्षरांत लिहिणारी मी, माझ्या स्वतःच्या बापाला अडवून बसले होते.

प्रयोग मी केला. घरच्या स्टीलच्या कळशीत अर्ध्याच्या वर ओली माती भरली, टिचकी मारली. बद्द. पितळी तांब्यात भरली. बद्द. कोरड्या मातीने, वाळूने, पिठाने – आईचं पीठ वाया घालवल्याबद्दल बोलणी खाल्ली. सगळं बद्द. रिकामं भांडं बद्द वाजवायचाही प्रयत्न केला, दहा ठिकाणी, दहा बोटांनी. एकदाही नाही वाजलं. निखिलला जीनच्या घरचं रेकॉर्डिंग पाठवलं. तो म्हणाला, रिकामं भांडं. मी फोटो पाठवला. तो दुसऱ्या दिवशी म्हणाला, याबद्दल नको बोलूया.

जीनचं पत्र दूतावासाला गेलंय, मीच लिहून दिलं. उत्तराची वाट बघतोय. माती अजून आतच आहे, जीन ती काढू देत नाही. आमच्या पत्रकात दुरुस्ती करून 'कधीकधी' हा शब्द मी परत घातलाय. पुरावा नसताना लिहिलं होतं, ते चूकच होतं. ते खरं निघालं, याने ते कमी चूक होत नाही.

आत्मा नाही, असंच मी अजूनही म्हणते. मेलं की संपलं. मग त्या दिवशी काय होतं, असं कुणी विचारलं तर माझ्यापाशी टिचक्यांची दोन रेकॉर्डिंग आहेत, एवढंच. तुमच्यापैकी कुणाला धातूतलं काही कळत असेल तर जरूर लिहा. 'वहिनी, तिचा आत्मा मुक्त झाला' असलं कृपा करून लिहू नका. मी कुणाची वहिनी नाही.

तिकिटं काढलीत. दोन माणसांची. डब्यासाठी क्रेमेटोरियमचा आणि मृत्यूचा दाखला बरोबर ठेवावा लागतो, ते काढून पाकिटात घातलेत. चुलत काकांनी विहिरीपाशी जागा बघून ठेवलीय, कडुलिंबाचं रोप सांगितलंय. निघायला अजून एकोणीस दिवस आहेत.

आता मी सकाळी आईच्या आधी उठते. कपाट उघडते, टॉवेल बाजूला करते आणि टिचकी मारते. मारण्याआधी हात थोडा थांबतो. आजपर्यंत दर वेळी बद्द आलंय. आज सकाळीही आलं. मग आई उठून येते, मला तिथे उभी बघते आणि स्वतःची एक मारते. एकोणीस दिवस तसंच वाजू दे, एवढंच मी... कुणाकडे मागतेय, ते मला विचारू नका.